गुरगुरणाऱ्या कुत्र्याला गप्प करू नका

कुत्रं गुरगुरलं की माणसाचा हात आपसूक वर जातो. ‘मालकावरच गुरगुरतोस?’ म्हणत एक फटका, नाहीतर साखळीला हिसका. चार वेळा असं झालं की गुरगुरणं थांबतंही आणि घरच्यांना वाटतं, कुत्रं सुधारलं. ते सुधारलेलं नसतं. त्याला जे सहन होत नव्हतं, ते अजूनही होत नसतं. ते सांगायची सोय तेवढी आपण काढून घेतलेली असते. थर्मामीटर फोडून ताप जात नाही. असं कुत्रं मग पुढच्या वेळी काहीही न सांगता थेट चावतं. आमच्या घरात हे घडलं आहे, म्हणून लिहिते आहे.

चिकू आमच्याकडे नाशिकला, इंदिरानगरमध्ये आला तेव्हा चार वर्षांचा होता. लॅब्रॅडोर, माझ्या धाकट्या दिरांचा. त्यांची बदली बेंगळुरूला झाली आणि तिथे कुत्र्यासह घर मिळेना, म्हणून तो आमच्याकडे आला. सोबत लसीकरणाची वही, पट्टा आणि एक स्टीलची चोक चेन. लहान असताना तो जेवणाच्या भांड्याजवळ कुणी गेलं की गुरगुरायचा. तेवढ्या एका तक्रारीसाठी त्याला शहराबाहेरच्या एका ट्रेनिंग सेंटरवर ठेवलं होतं. ‘महिनाभर ठेवा, गरीब गाय करून देतो,’ असं तिथे सांगितलं गेलं. मधे भेटायला जायचं नाही, मालक दिसला की कुत्रा बिघडतो, ही अट. परत आला तो खरोखरच गरीब होऊन. तोंडापुढचं भांडं ओढून घेतलं तरी हूं की चूं नाही. येणारे-जाणारे कौतुक करायचे.

मला मात्र पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकली. सकाळी ह्यांचा पेपर वाचून झाला आणि त्यांनी तो घडी करून हातात धरला की चिकू पोट जमिनीला टेकवून, कान मागे पाडून डायनिंग टेबलाखाली सरकायचा. तिथे फरशीवर लघवीचे थेंब दिसायचे. त्याला घडी केलेल्या पेपरने मारलं गेलं असणार, हे सांगायला कुणी लागलं नाही.

पावसाळ्यात माझा भाचा राहायला आला होता. चिकू दिवाणापाशी पडला होता. भाच्याने जाता जाता वाकून त्याचा कान कुरवाळला. गुरगुरणं नाही, दात विचकणं नाही, उठून बाजूला होणंसुद्धा नाही. तळहातात दोन दात खोल गेले.

चावल्यावर काय करायचं ते आधी सांगते, कारण त्या वेळी घरात जो गोंधळ उडतो त्यात नेमकं हेच राहून जातं. जखम वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. मग लगेच दवाखाना. कुत्रं घरचं आहे, त्याला दरवर्षी रेबीजची लस दिलेली आहे, या भरवशावर घरी थांबायचं नाही. लस किती आणि कोणती, खोल जखमेत सीरम द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर घेतलेली लस तो टाळते. आमच्या भाच्याने लसीचे सगळे डोस वेळच्या वेळी घेतले, हात बरा झाला.

दुसऱ्या दिवशी घरात एकच चर्चा. कुणी म्हणालं सोडून द्या, कुणी म्हणालं गंगापूर धरणाकडे एखाद्या फार्महाऊसवर देऊन टाका, कुणी म्हणालं पुन्हा त्याच सेंटरवर पाठवा. आम्ही त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडाला मझल बांधून कानात दिवा धरला आणि मला बघायला बोलावलं. आत लालभडक सूज, तपकिरी मळ आणि आंबूस वास. लॅब्रॅडोरचे कान लोंबते, आत हवा खेळत नाही आणि पावसाळ्यातल्या ओलीत बुरशी धरते. तो कान बरेच दिवस ठणकत असणार. डॉक्टर म्हणाले, ‘याने तुम्हाला सांगितलं असेल हो, पण मोठ्याने सांगायची त्याला भीती घातलेली आहे.’

त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक कुत्रेवाल्या घराला माहीत हवं. कुत्रं एकदम चावत नाही. आधी ते तोंड फिरवतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, समोर खाणं नसताना ओठ चाटतं, मान न वळवता डोळ्याच्या कडेने बघतं तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. मग ते जागच्या जागी ताठ होतं. हे सगळं वाया गेलं तर गुरगुरतं. त्यानंतर हवेत दात मारतं आणि शेवटी चावतं. गुरगुरण्यावर मार बसला की मधली पायरीच नाहीशी होते, आणि आधीच्या बारीक खुणा तर घरात कुणी बघतच नसतं. म्हणून कुत्रं गुरगुरलं तर हातातलं काम थांबवा, दोन पावलं मागे व्हा आणि त्याला नेमकं काय नको आहे ते शोधा. तुम्ही मागे सरलात म्हणून ते डोक्यावर बसत नाही. आपलं म्हणणं पोचलं, एवढंच त्याला कळतं.

कुत्र्याची वागणूक अचानक बदलली तर पहिली फेरी ट्रेनरकडे नको, डॉक्टरांकडे. बाहेर जाऊन शू करणारं कुत्रं घरात करायला लागलं तर मूत्राशयाचा संसर्ग असू शकतो. म्हातारं कुत्रं जिन्यावर अडून बसलं तर सांधे दुखत असू शकतात. दिवसभर मरगळून पडलेलं आणि हात लावला की चिडणारं कुत्रं गोचीड-तापाने फणफणलेलं असू शकतं. अशा कुत्र्याला शिस्त लावत बसणं क्रूरपणा आहे.

चिकूला ज्या पद्धतीने ‘शिकवलं’ होतं, तिच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, आणि घरातला म्होरक्या कोण ते कुत्र्याला दाखवून द्यावं लागतं. ही कल्पना निघाली ती रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 सालच्या अभ्यासातून, आणि त्यांनी पाहिलेले लांडगे होते प्राणिसंग्रहालयात एका कुंपणात कोंडलेले. डेव्हिड मीच या अमेरिकी अभ्यासकाच्या 1970 सालच्या पुस्तकामुळे ती घरोघर पोचली. पुढे त्यांनी कितीतरी उन्हाळे रानातल्या लांडग्यांसोबत काढले आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. म्होरकेपणासाठी तिथे रोजच्या मारामाऱ्या चालत नाहीत. ज्याने ही समजूत पसरवली त्यानेच ती मागे घेतली, तरी आपल्याकडे अजून ‘त्याला दाखवा बॉस कोण ते’ हा सल्ला फी घेऊन दिला जातो, याचा मला संताप येतो.

कान बरा होईपर्यंत आम्ही चिकूला काहीच शिकवलं नाही. चोक चेन टाकून दिली, छातीवरून बांधायचा हार्नेस आणला. पेपर टीपॉयवर उघडाच ठेवायचा, हे ठरलं. त्यानंतर भांड्यापासून सुरुवात केली.

कुत्रं भांड्याजवळ गुरगुरतं कारण येणारा माणूस आपलं जेवण नेणार, अशी त्याला धास्ती असते. भांडं ओढून घेऊन ‘सवय’ करणारे ती धास्ती रोज खरी करून दाखवतात. आम्ही उलट केलं. चिकू जेवायला लागला की मी लांबून, स्वयंपाकघराच्या दारातून, उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा त्याच्या भांड्याच्या दिशेने टाकायची आणि न थांबता निघून जायची. सुरुवातीला तो मी दिसताच भराभर, घास न चावता गिळायचा. खांदे ताठ, शेपूट खाली. मी त्याच अंतरावर राहिले. मग एके दिवशी मी दारात आल्यावर त्याने भांड्यातून तोंड वर काढलं आणि शेपूट सैल हलवली. तेव्हा कुठे मी एक पाऊल पुढे सरकले. सगळी मेख इथे आहे. अंतर आपण ठरवायचं नाही, कुत्र्याच्या अंगाकडे बघून ठरवायचं. अंग ताठलं की आपण फार जवळ आलो, मागे व्हायचं. माणूस जवळ आला की जेवण जात नाही, वाढतं, हे एकदा मनात बसलं की गुरगुरायचं कारणच उरत नाही. घरात लहान मुलं असतील तर हा प्रयोग त्यांना करू देऊ नका. कुत्र्याला बंद खोलीत निवांत जेवू द्या, बस्स.

बक्षीस म्हणून काय द्यायचं, हे नाशिककरांना जरा जोर देऊन सांगायला हवं. आपल्या जिल्ह्याची दोन्ही नामांकित पिकं कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षं आणि मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यातल्या टार्टरिक आम्लावर अलीकडे संशय आहे. एखादं कुत्रं मूठभर खाऊनही ठणठणीत राहतं आणि दुसरं थोडक्यात दगावतं, त्यामुळे इतकी चालतात असा सुरक्षित आकडा नाही. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे घरोघर निफाड-दिंडोरीकडून आलेल्या पेट्या जमिनीवर ठेवलेल्या असतात! कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो की शिजवलेला. म्हणजे मटणाच्या रश्शात कालवलेली पोळी हा लाड नव्हे. लसूण, चॉकलेट, शिजवलेली हाडं यांनाही मनाई. उकडलेलं चिकन, अंडं, पनीरचा बारीक तुकडा, गाजर चालतं. द्राक्षं खाल्ली असा नुसता संशय आला तरी उलटी व्हायची वाट न बघता डॉक्टर गाठा.

म्हणूनच ‘सोड’ ही आज्ञा आम्ही बाकी सगळ्या आज्ञांच्या आधी शिकवली. मुठीत बिस्किट बंद धरायचं, कुत्रं हुंगतं, चाटतं, पंजा मारतं, आपण गप्प. कंटाळून ते तोंड मागे घेतं त्याच क्षणी दुसऱ्या हातातून चिकन. मुठीतलं बिस्किट कधीच द्यायचं नाही. जमिनीवरचं सोडलं की त्याहून चांगलं माणसाकडून मिळतं, हे त्याला कळायला हवं. बक्षीस त्याच सेकंदाला मिळायला हवं. आपण डबा उघडेपर्यंत कुत्रं तिसरंच काहीतरी करत असतं आणि बक्षीस त्या तिसऱ्या गोष्टीचं होतं. शिकवणी पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. त्याहून लांबवली की दोघंही वैतागतात.

बेल वाजली की भुंकणं, ही फ्लॅटमधली सर्वांत मोठी तक्रार. कुत्र्याच्या बाजूने हिशेब बघा. कुरिअरवाला येतो, कुत्रं भुंकतं, कुरिअरवाला निघून जातो. रोज हेच होतं. म्हणजे भुंकणं दर वेळी यशस्वी होतं! त्यात आपण आतून ‘ए, गप्प!’ म्हणून ओरडलो की त्याला वाटतं घरचेही साथीला भुंकताहेत. आम्ही दारापासून लांब एक सतरंजीचा तुकडा घातला. बेल नसताना आधी तिथे जाऊन बसण्याचं चिकन. मग बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून अगदी बारीक वाजवायचा आणि सतरंजीवर चिकन. आवाज हळूहळू मोठा. शेवटी शेजारच्या वहिनींना विनंती केली, त्या संध्याकाळी येऊन बेल वाजवायच्या आणि परत जायच्या. आता बेल वाजली की चिकू एकदा भुंकतो आणि सतरंजीकडे पळतो. ते एक भुंकणं मी राहू दिलं आहे. दाराशी कुणी आलं हे कुत्र्याने सांगू नये, ही अपेक्षा चुकीची आहे.

पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला गुडघ्याने ढकलू नका, त्याला तो खेळ वाटतो. पाठ फिरवा, हात छातीशी घ्या, चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच बोला. पट्टा ओढणारं कुत्रं ओढतं कारण ओढल्यावर आपण पुढे जातो. ओढलं की थांबा, पट्टा सैल झाला की चाला. पहिले काही दिवस कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतही पोचणार नाही, चालेल. चपला कुरतडणाऱ्या पिल्लाच्या तोंडी काय द्यायचं ते ठरवा आणि चपला कपाटात ठेवा. घरात शू केली तर नाक घासून काहीही साधत नाही. फिनेलने वास आपल्याला येईनासा होतो, कुत्र्याला येतच राहतो. त्यासाठी पाळीव प्राण्यांचं एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, आणि झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर पिल्लाला लगेच बाहेर न्या.

टेबलाशी भीक मागण्याची सवय मात्र कुत्र्यापेक्षा घरातल्या माणसांवर अवलंबून असते. आमच्या सासूबाईंना जेवताना चिकूला पोळीचा तुकडा दिल्याशिवाय घास उतरत नसे. बाकीचे देत नसत. कधीमधी मिळणाऱ्या तुकड्याने सवय रोज मिळणाऱ्यापेक्षा पक्की होते, हे मी त्यांना समजावून बघितलं. त्यांना ते पटेना, आणि त्यांचंही बरोबर होतं, त्यांना त्याला काहीतरी द्यायचं होतं. मग चिकूचं सकाळचं भांडं भरायचं काम त्यांच्याकडे दिलं. आता तो त्यांच्या खोलीबाहेर बसून वाट बघतो, जेवणाच्या टेबलाकडे फिरकत नाही. मागणं बंद करताना ते आधी वाढतं, केविलवाणं होतं. नेमक्या त्या वेळी कुणी विरघळलं तर कुत्रं शिकतं की अजून थोडं ताणायचं. घरात सगळ्यांचा नियम एक आणि शब्दही एकच असावा. एकाने ‘बस’, दुसऱ्याने ‘सिट’, तिसऱ्याने ‘खाली बस ना रे’ म्हटलं तर ते बिचारं काय करणार?

पिल्लू आणलं असेल तर तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हातचा घालवू नका. या वयात जे ओळखीचं होतं, त्याची पुढे भीती वाटत नाही. लसी पूर्ण नसतील तर जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन फिरा. कुकरची शिट्टी, देवळातली घंटा, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, रिक्षा, शाळा सुटल्यावरचा कलकलाट, सगळं लांबून, हातात खाऊ ठेवून दाखवा.

आवाजाच्या भीतीचं आपल्या शहरात वेगळं प्रकरण आहे. नाशिक ढोल महाराष्ट्रभर वाजतो, आणि घरात कुत्रं असेल तर गणपती ते दिवाळी हा काळ कठीण जातो. पण याच ढोलाचा उपयोगही करून घेता येतो. गणपतीच्या कितीतरी आधी पथकांचा सराव मोकळ्या मैदानांवर सुरू होतो. संध्याकाळी कुत्र्याला इतक्या लांब उभं करा की ढोल ऐकू येतो पण ते खाऊ खातंय. खाणं नाकारलं की आपण फार जवळ आलो, मागे फिरा. आठवड्यागणिक अंतर कमी करा. फटाक्यांसाठी हेच रेकॉर्डिंगवर, दिवाळीच्या दोन-तीन महिने आधी. प्रत्यक्ष दिवाळीत घरातली सर्वांत आतली खोली, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही चालू, संध्याकाळचं फिरणं उजेडात उरकलेलं. ते येऊन बिलगलं तर जवळ घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी भीती कमी करणारी औषधं असतात, ती डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. घरातली झोपेची गोळी देऊ नका. अंग गुंगतं आणि आतली भीती तशीच राहते.

आणखी एक. रात्री राखण करायला म्हणून कुत्रं अंगणात साखळीने बांधू नका. बांधलेलं कुत्रं चिडकं होतं, भुंकत राहतं, मग त्या भुंकण्याची तक्रार होते. कायमचं बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हाही आहे. आणि आपल्याकडे बिबट्या येतो. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, त्यात त्याच्या खाण्यातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. साखळीत अडकलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

चिकूच्या कानात पावसाळ्यात अजून औषध घालावं लागतं. बाटली दिसली की तो ओठ चाटतो, तोंड फिरवतो. परवा घाईत मी कान जरा जोरात धरला तर तो गुरगुरला, घसा खरवडल्यासारखं, बारीक. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. मी हात सोडला, बाटली खाली ठेवली, थोड्या वेळाने चिकन घेऊन परत बसले आणि त्याने कान दिला. ह्यांनी त्याच संध्याकाळी दिरांना फोन करून सांगितलं.

स्वतःला जमत नसेल तर ट्रेनर जरूर बोलवा, पण पारखून. या धंद्यात शिरायला कुठला परवाना लागत नाही, पाटी लावली की झाला ट्रेनर. म्हणून प्रश्न आपणच विचारायचे. कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता? उत्तरात चोक चेन, काटेरी पट्टा, शॉकची कॉलर, जमिनीवर दाबून धरणं यातलं काहीही आलं तर नमस्कार करून उठा. मला समोर बसून बघता येईल का? नाही म्हणाला तर विषय संपला. महिनाभर ठेवून घेतो म्हणणाऱ्याकडे पाठवू नका. कुत्रं तिथे त्या माणसाशी वागायला शिकतं, तुमच्या घराशी नाही. कुत्रं चावलेलं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवलंत का, हे जो स्वतःहून विचारतो आणि पहिल्या दिवशी कुत्र्याला हात न लावता अर्धा तास नुसतं त्याच्याकडे बघत बसतो, त्याला ठेवा. आणि शिकवण्याचं काम त्याच्याकडून करून घेण्यापेक्षा त्याच्या देखत स्वतःच्या हाताने करा, घरातल्या प्रत्येकाला एकेकदा करायला लावा, सासूबाईंनासुद्धा.